लेमनाइट म्हणजे नेमके कोण?

'बुक ऑफ मॉर्मन' हा मॉर्मन पंथाचा धर्मग्रंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रसिद्ध केला. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांचे हे भाषांतर असल्याचा त्यांचा दावा होता.

ग्रंथातील मुख्य कथा इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास सुरू होते. जेरुसलेमच्या विनाशाची चाहूल लागलेला लीहाय हा प्रेषित सहकुटुंब नगर सोडतो आणि जहाजाने दूरच्या भूमीत पोहोचतो. ही भूमी म्हणजे अमेरिका, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. तेथे त्याच्या मुलांत भाऊबंदकी माजते. नीफायच्या बाजूचे ते नीफाइट, थोरल्या लेमनचे ते लेमनाइट. बाबेलच्या मनोऱ्याच्या काळात आलेल्या जेरेडाइटांची हकीकतही ग्रंथात आहे. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त येथे प्रकट होतो आणि सुमारे दोनशे वर्षे शांतता नांदते. पुढे पुन्हा फूट पडते व इ. स. ३८५ च्या सुमारास क्युमोरा टेकडीपाशी नीफाइटांचा संहार होतो. त्यांचा सेनापती मॉर्मन याने संकलित केलेला इतिहास त्याचा पुत्र मोरोनाय पुरून ठेवतो. स्मिथ यांना दर्शन देणारा देवदूत तो हाच.

उरले ते लेमनाइट. शापामुळे त्यांची त्वचा काळवंडली, असे ग्रंथ सांगतो आणि अमेरिकेतील आदिवासी त्यांचेच वंशज मानले गेले. ही केवळ पोथीतील गोष्ट राहिली नाही. १९५४ पासून नव्वदच्या दशकापर्यंत नावाहो व अन्य जमातींची हजारो मुले शाळेच्या काळात मॉर्मन कुटुंबांत ठेवण्यात आली. त्यामागे हीच धारणा होती.

संशोधकांना मात्र या कथेचा पुरावा सापडलेला नाही. ग्रंथात घोडे, गहू व पोलाद यांचे उल्लेख आहेत. परंतु अमेरिकेतील घोडे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाले होते, ते पुन्हा आले स्पॅनिशांबरोबर. जनुकीय अभ्यासही आदिवासींचे मूळ ईशान्य आशियाकडे दाखवितो.

१९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेमनाइट हे आदिवासींचे 'प्रमुख पूर्वज' होते. २००६ च्या एका आवृत्तीत ते 'पूर्वजांपैकी' झाले आणि पुढे २०१३ च्या अधिकृत आवृत्तीतही हाच बदल आला. एका शब्दाचा फरक. पण दीड शतकाहून अधिक काळ दिलेली ओळख त्यात सैल झाली. जनुकीय पुराव्याने ग्रंथ खरा ठरत नाही वा खोटाही ठरत नाही, अशी भूमिका चर्चने २०१४ मध्ये मांडली.