कागद दाखवा, मगच समुद्र

साल १५८०, फाल्गुन महिना. तुम्ही आदिलशाहीतल्या दाभोळ बंदरात उभे आहात. तांबड्या समुद्राकडे निघालेल्या जहाजावर कापडाचे गठ्ठे चढलेत, हजचे यात्रेकरूही बसलेत. वारा अनुकूल आहे. तरी नाखवा नांगर उचलत नाही. गोव्याहून कागद यायचाय.

तो कागद म्हणजे कार्ताझ, पोर्तुगिजांचा सागरी परवाना. आला की तुम्हीच वाचा: जहाज केवढं, नाखवा कोण, हत्यारं किती, जायचं कुठं. मिरी न्यायची नाही, पोर्तुगिजांचा शत्रू वर घ्यायचा नाही, त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची. कागद नसेल तर जहाज मालासकट जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम, तिलाही हजला जाताना सुरतेत या परवान्यापायी ताटकळावं लागलं. आणि १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेइदानं जाळलं, ते हेच दाभोळ. नाखवा हुज्जत घालत नाही, ते उगाच नव्हे.

आता चला १६०९ मध्ये, हॉलंडच्या लायडन शहरात. एक छोटं लॅटिन पुस्तक तुमच्या हाती पडतं, लेखकाचं नाव नसलेलं. समुद्र कुणाच्याही मालकीचा नाही, असं ते ठणकावून सांगतं. तुम्हाला दाभोळचा नाखवा आठवतो, बरं वाटतं. पण थांबा. लेखक ह्यूगो ग्रोशियस हा डच कंपनीचा वकील. १६०३ मध्ये डच कप्तानानं सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज लुटलं, त्याच्या समर्थनार्थ केलेल्या लिखाणातलं हे एक प्रकरण. पुढे डचही आशियाई जहाजांना परवाने देऊ लागले.

अठराव्या शतकाच्या आरंभी कुलाब्याला या. इथं मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागतं. इंग्रज स्वतः परवाने देतात, पण कान्होजींना चाचा म्हणतात.

१९८२, जमैकातलं माँटेगो बे. यावेळी तुम्ही सभागृहात आहात आणि लहान देशांनाही खुर्ची आहे. संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायद्याचा करार सांगतो: किनाऱ्यापासून १२ सागरी मैल त्या देशाचे, २०० मैलांपर्यंतची मासळी आणि तळातलं तेलही त्याचंच. भारतानं १९९५ मध्ये त्याला मंजुरी दिली. अमेरिकेनं आजतागायत दिलेली नाही. तिचं आरमार मात्र खुल्या समुद्राचा नारा देत जगभर फिरतं.

समुद्र सगळ्यांचा, असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्या तोफा मोजाव्यात.