भाव, उधारी आणि एक जपानी पाटी



आमची सूनबाई चाकणच्या एका कंपनीत दुभाषी आहे. ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपन्या चाकणला आल्या, तसे 'काइझेन', 'सेइरी', 'सेइतोन' हे कारखान्याचे शब्द आपल्याकडच्या नवऱ्यामुलांच्या डब्याबरोबर घरी आले. बाजाराचे जपानी शब्द मात्र मला सुनेच्या परीक्षेच्या वहीत भेटले. दुपारी ती पाठ करते आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते.

'काइमोनो' म्हणजे खरेदी, 'इकुरा देस का' म्हणजे कितीला दिलं. 'देपातो', 'सुपा', 'कोन्बिनी' हे तर इंग्रजी शब्दच, आपल्या 'मॉल'सारखे, जिभेला सोयीचे करून घेतलेले. मजा वाटली ती 'माकेते कुदासाई'ची. म्हणजे "भाव कमी करा", पण 'माकेरु'चा मूळ अर्थ हरणे. दुकानदाराला आपण म्हणायचं, "हरा की हो!" त्यावरूनच 'ओमाके', म्हणजे वर मिळणारी फुकटची वस्तू, आपल्या भाजीवरच्या कोथिंबीर-मिरचीसारखी.

मग आला 'उरिकाके', गिऱ्हाइकाकडून येणं असलेली रक्कम. बी.कॉम.ला आपण 'सन्ड्री डेटर्स' म्हणून शिकलो तेच. यातल्या 'काके'चा मूळ अर्थ टांगणे. उधारीचा पैसा टांगलेलाच असतो, हे कुठल्याही दुकानदाराच्या सुनेला समजावून सांगायला नको. आणि त्याच 'काके'पासून 'काकेने', म्हणजे घासाघीस होणार हे धरून आधीच चढवून सांगितलेला भाव.

उधारी आणि चढा भाव एकाच शब्दातून का निघावेत? याचं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत आहे. तिथले मोठे कापडवाले सामुराई सरदारांच्या घरी माल पोचवत, उधारीवर देत आणि वसुली वर्षातून एकदोनदाच करत. पैसा सहा-सहा महिने अडकणार, काही बुडणार, म्हणून त्याचं व्याज आणि जोखीम भावातच घातलेली. साध्या माणसाला त्या दुकानांत फारसं स्थान नव्हतं.

१६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी याने, पन्नाशी उलटल्यावर, एदोत 'एचिगोया' हे कापडाचं दुकान काढलं. त्याची आई शुहो ही माहेरची व्यापारी घराण्यातली, गावचं दुकान आणि तारणावर पैसे देण्याचा धंदा तीच बघायची. हिशेब तो तिच्याच हाताखाली शिकला असणार, असं मला आपलं वाटतं. त्याची जाहिरात मोजक्याच शब्दांची: रोख पैसे, चढा भाव नाही. दुकानात या, भाव सर्वांना एक, आणि पूर्ण ठाण नको असेल तर हवं तेवढं कापून मिळेल. बाकीच्या कापडवाल्यांनी त्याला भरपूर त्रास दिला, तरी दुकान टिकलं. पावसात गिऱ्हाइकांना दुकानाचं चिन्ह असलेल्या छत्र्या वापरायला देत, म्हणजे जाहिरातही फुकट! पॅरिसच्या प्रसिद्ध 'बॉन मार्शे'ची एकभावाची पद्धत १८५२ नंतरची. एचिगोयाचंच पुढे १९०४ मध्ये 'मित्सुकोशी' झालं, जपानचं पहिलं 'देपातो'.

त्याच १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईने गृहिणींसाठी 'काकेइबो' काढली. का म्हणजे घर, केइ म्हणजे हिशेब, बो म्हणजे वही. (हा 'का' वेगळा, टांगण्याशी संबंध नाही.) महिन्याचा खर्च आधी ठरवायचा आणि मग लिहीत जायचा. माझ्या मते भाव एक असल्याशिवाय अशी वही चालणारच नाही. साडी पंचावन्नला पडेल की पंच्याऐंशीला हे माहीत नसताना बाई आधी काय लिहिणार?

हे आकडे मी उगाच घेतले नाहीत. १९८३ मध्ये लग्न होऊन चिंचवडला आले. दुपारी मामंजी जेवायला गेले की गादीवर मी. चिठ्ठीवर खरेदीभाव सांकेतिक अक्षरांत असायचा. पंचावन्नची साडी, सांगायची पंच्याऐंशी, द्यायची अडुसष्टला. एकदा एका कामगाराची नवी नवरी आली. गावाकडची, एकटी. मी पंच्याऐंशी म्हटलं आणि तिने निमूट मोजून दिले. संध्याकाळी मी ते घरात कौतुकाने सांगितलं. तिचा चेहरा आता आठवत नाही, पदराच्या गाठीतून सोडलेल्या नोटा आठवतात. प्रतिक्रमणात आपण खोट्या माप-तोलाची आलोचना करतो. आमचा मीटर चोख होता, म्हणून त्या ठिकाणी मी कधी अडखळले नव्हते.

१९९१ च्या दिवाळीत आम्ही 'एकच भाव' ही पाटी लावली. मामंजींना पसंत नव्हतं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटू दे की." पहिलं वर्ष विक्री खरंच घसरली. "तुमच्याकडे काही सोडत नाहीत" म्हणून बायका शेजारी गेल्या, काही परत आल्या. उधारी मात्र आम्हाला बंद करता आली नाही. पगार सात किंवा दहा तारखेला. त्याआधी लेकराला ताप आला, पाहुणे आले, तर कारखान्यातल्या माणसाची बायको रोख कुठून आणणार? म्हणजे एचिगोयाची अर्धीच पाटी आम्ही लावली. 'काकेने' काढला, 'काके' राहिला. बुडालेल्या उधारीचा बोजा भावात घालावाच लागला, फक्त आता तो सर्वांवर सारखा होता, रोख देणाऱ्यांवरही.