न्हावा शेव्याचे शिक्के : एका किनाऱ्याच्या इतिहासाची सहा पाने

१/
जगभरच्या जहाज वाहतुकीच्या कागदांवर 'आयएनएनएसए' असे पाच अक्षरांचे संकेतचिन्ह आढळते. 'आयएन' म्हणजे भारत आणि 'एनएसए' म्हणजे न्हावा शेवा. रायगडच्या किनाऱ्यावरील दोन लहान गावांची नावे अशी देशोदेशी पोहोचली आहेत. त्या परिसराचा इतिहास पाहायला निघालेल्या प्रवाशाच्या वहीत कोणते शिक्के उमटावेत, हा या थ्रेडचा विषय.

२/
वारसास्थळे पाहताना वहीत शिक्के गोळा करण्याची पद्धत अनेक देशांत रुजलेली आहे. स्पेनमधील सांतियागोचे यात्रेकरू वाटेवरच्या मुक्कामांचे शिक्के आपल्या यात्रापत्रावर घेतात. जपानमध्ये १९३१ साली फुकुई स्थानकापासून रेल्वेचे स्मरणशिक्के सुरू झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांची 'पासपोर्ट' पुस्तिका १९८६ची. आपल्या टपाल खात्याचेही निवडक वारसास्थळांसाठी कायमस्वरूपी सचित्र शिक्के आहेत.

३/ पहिले पान : समुद्र
या किनाऱ्याला शिक्क्याचा परवाना नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांवर 'कार्ताझ' नावाचा परवाना लादला. त्यात जहाज, नाखवा आणि जाण्याचे बंदर यांची नोंद असे. पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. परवाना नसेल तर जहाज माल आणि माणसांसह जप्त होई.

४/
पुढे तेच हत्यार मराठ्यांच्या हाती आले. कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला. इंग्रजांना तो मान्य नव्हता. कान्होजींना ते 'चाचा' म्हणत, परंतु वाद मुळात एवढाच होता की या पाण्यावर शिक्का कोणाचा चालणार. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि तो फसला. तीच खांदेरी २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेली.

५/ दुसरे पान : उरण
उरणचे जुने नाव करंजा. मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्यामुळे हे बेट ज्याच्या हाती, त्याची बंदरावर नजर. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन सत्ता येथे नांदल्या. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांकडेच राहिले. द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीजकालीन वास्तूंचे अवशेष आजही दिसतात. वर चढल्यावर एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला बंदराच्या क्रेन असे दृश्य समोर येते.

६/ तिसरे पान : घारापुरी
पहिल्या लेण्यातील सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती सुमारे ६ मीटर उंचीची आहे. लेणी साधारण सहाव्या शतकातील मानली जातात. १९८७ साली ती जागतिक वारसा यादीत आली. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलेफंटा' म्हटले ते किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती मात्र आज बेटावर नाही.

७/
१८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे मुंबईत जोडण्यात आले. तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणून घारापुरीचा शिक्का पुरा व्हायचा तर भायखळ्यालाही जायला हवे. संग्रहालयातील वस्तूला मूळचा पत्ता असतो, हे तिथे नीट उमगते.

८/
घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांत समुद्राखालील केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. बेट जागतिक वारसा झाल्याला तेव्हा तीन दशके उलटली होती. समोरचे बंदर त्याआधी कित्येक वर्षे रात्रभर उजळलेले असे.

९/ चौथे पान : चिरनेर
२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. प्रश्न साधा होता : गावाच्या रानावर हक्क कोणाचा? पोलिसांच्या गोळीबारात ८ सत्याग्रही हुतात्मा झाले. ते चिरनेरचे होते, तसेच खोपटे, दिघोडे, कोप्रोली अशा शेजारच्या गावांचेही होते. दरवर्षी त्या दिवशी येथे त्यांना मानवंदना दिली जाते.

१०/ पाचवे पान : जासई
चोपन्न वर्षांनी प्रश्न जमिनीचा होता. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी घेतलेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात ५ शेतकरी ठार झाले. प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याचे तत्त्व याच लढ्यातून आले. भूसंपादनाविषयीच्या पुढच्या चर्चांतही त्याचा दाखला दिला जातो.

११/ सहावे पान : शेवा
२६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी जुने शेवा गाव उठले. शेतकऱ्यांचे नवीन शेवा वसले आणि कोळ्यांचा हनुमान कोळीवाडा. कोळीवाड्याच्या नव्या घरांना वाळवीने ग्रासले आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. ग्रामस्थांनी होड्या घालून जहाजांचा मार्ग अडवण्याची आंदोलनेही केली. ज्या गावाच्या नावाने जहाजे येतात, त्याच गावाच्या होड्या त्यांच्या आड उभ्या राहिल्या.

१२/
शिक्का असलेले ठिकाण पाहण्याजोगे, हे शिक्क्याच्या वहीचे गृहीतक. त्यामुळे शिक्का कोणत्या जागी ठेवायचा, हे ठरवणे म्हणजे इतिहास लिहिण्यासारखेच आहे. लेणी आणि किल्ले यांना तो सहज मिळतो. उठून गेलेल्या गावाला दरवाजा नसतो, तिकीटघर नसते आणि दाखवायला भिंतही नसते. उरते ते नाव आणि ते सांगणारी माणसे. ती पिढी आता वृद्ध होत आहे.

१३/
ही सहा पाने भरण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. साधी पोस्टकार्डे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी तिथे जे पाहिले, ऐकले ते चार ओळींत लिहावे आणि स्वतःच्याच पत्त्यावर उरणच्या टपाल कार्यालयातून पाठवावे. तिकिटावर पडणाऱ्या गोल शिक्क्यात गावाचे नाव आणि तारीख असते. नवीन शेव्यात किंवा कोळीवाड्यात जाल तेव्हा जुने गाव आठवणाऱ्या एखाद्या आजी-आजोबांना वेस कुठे होती, देऊळ कुठे होते, होड्या कुठे लागत, हे विचारावे आणि त्यांच्या परवानगीने लिहून घ्यावे. सहाव्या कार्डावरचा तो मजकूर कोणत्याही संग्रहालयात ठेवण्याच्या मोलाचा असेल.