दिल्लीतील हिवाळा आणि ज्येष्ठ पुरुषांचा व्यायाम

दिल्लीतील लोधी उद्यान, नेहरू पार्क तसेच वसाहतींमधील बगीच्यांत पहाटे फिरायला येणाऱ्यांमध्ये निवृत्त पुरुषांची संख्या मोठी असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९९८ पासून साधारणपणे ६० वर्षे आहे. कार्यालयाची वेळ पाळण्याचे बंधन संपल्यावर पहाटेचा फेरफटका हाच अनेकांच्या दिनक्रमाचा आधार होतो. मात्र नोव्हेंबर ते जानेवारी या काळात राजधानी परिसरात हीच वेळ अपायकारक ठरू शकते.

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. वारा मंद असल्याने धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. ऊन तापल्यावर हवेचे अभिसरण वाढते व दुपारी प्रदूषण सहसा काहीसे कमी होते. व्यायाम करताना श्वसनाचा वेग वाढत असल्याने सूक्ष्म कण अधिक प्रमाणात फुप्फुसांत जातात. थंडीमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाबही वाढतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना हा दुहेरी धोका असतो.

यावर व्यायाम थांबवणे हा उपाय नव्हे. उतारवयात स्नायूंचा ऱ्हास होत असतो आणि काही आठवड्यांची निष्क्रियताही पायांची ताकद व शरीराचा तोल कमी करते. त्यातून पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, असा वेग मध्यम समजला जातो.

घराबाहेर पडण्यापूर्वी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर तो उपलब्ध असतो. हा निर्देशांक २०१ ते ३०० असल्यास हवा ‘खराब’, ३०१ ते ४०० असल्यास ‘अतिशय खराब’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ मानली जाते. शंभरच्या पुढेच हृदय व फुप्फुसांच्या रुग्णांना त्रास जाणवू शकतो. निर्देशांक दोनशेपर्यंत असल्यास निरोगी व्यक्तींनी पहाटेऐवजी ऊन आल्यावर फिरावे. त्यापुढे घरातच व्यायाम करणे श्रेयस्कर होय.

घरातील व्यायामाला साधनांची गरज नसते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला तळहात टेकवून जोर काढणे, खुर्चीला धरून एका पायावर उभे राहणे आणि जागच्या जागी चालणे हे प्रकार प्रत्येकी काही मिनिटे केले तरी उपयोगी ठरतात. सवय नसल्यास प्रारंभ हळूहळू करावा.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी व्यायामाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वार्धक्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे. व्यायामादरम्यान छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ थांबावे व त्रास कमी न झाल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. फेब्रुवारीनंतर हवा निवळू लागली की बागेतील फेरफटका पुन्हा सुरू करता येतो. तोपर्यंत पायांतील बळ टिकवून ठेवणे महत्त्वाचे.