खारी जमीन आणि मुळांवरच्या गाठी



कामगार संघटनेचा माणूस जंतूंवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. शाळा माझी लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत झाले. गावची एकर-दीड एकर जमीन खारावली म्हणून साखर कारखान्याच्या दारात उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. विषय माझ्याकडे चालत आला, तो असा.

डाळवर्गी पिकाने जमीन सुधारते हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते. 1886 साली हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या सभेत सांगितले की, वाटाण्यासारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. दोन वर्षांनी बायरिंक या डच संशोधकाने ते जंतू वेगळे काढून वाढविले. त्या वेळी तो विद्यापीठात नव्हता, डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला होता. हे सांगताना मला थोडा आनंद होतो, तो आपण माफ करावा. 1896 च्या सुमारास नोब्बे आणि हिल्टनर यांनी या जंतूंचे 'नायट्राजिन' बाजारात आणले. प्रत्येक पिकाला वेगळी बाटली; कारण वाटाण्याचा जंतू हरभऱ्याला चालत नाही.

आता आपल्याकडे या. नीरेच्या कालव्याने दुष्काळी मुलखात ऊस आला. पण खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होईना. भूजल वर चढले, ऊन पाणी घेऊन गेले आणि मीठ मागे राहिले. 1910 साली हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे आजाराचे निदान शंभर वर्षांहून जुने आहे!

अशा जमिनीत जंतू काय करतो? गंमत अशी की, तो बहुधा पिकाहून चिवट असतो. हरभरा जिथे माना टाकतो तिथे त्याच्या गाठीतले कित्येक जंतू तग धरतात. मीठ वाढले की ते आपल्या पेशीत काही द्रव्ये साठवून आतले पाणी राखतात. घात होतो तो दोघांच्या भेटीत. खारेपणात मुळांवरचे केसच नीट फुटत नाहीत, आणि जंतू आत शिरतो तो बहुधा त्याच वाटेने. म्हणून नुसता चिवट जंतू पुरत नाही, पीकही चिवट लागते. धैंचा तसा आहे. हरभरा मुळात नाजूक. पण 1969 साली निघालेल्या कर्नालच्या मृदा-लवणता संस्थेने त्याचाही खारेपणा सोसणारा 'कर्नाल चना' हा वाण काढला.

आमच्या एका कामगाराने जिवाणूखताची पुडी आणली. दुकानात ती उन्हाळाभर पत्र्याखाली पडलेली. गुळाच्या पाण्यात कालवून त्याने ती हरभऱ्याच्या बियाण्याला चोळली. महिनाभराने रोपे पिवळी. मी जाऊन एक रोप उपटले. गाठी चारदोनच, नखाने फोडली तर आत पांढरट. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते.

"अण्णा, जंतू मेले की जमीन मेली?" त्याने विचारले.

दोन्ही थोडे थोडे, असे मी म्हणालो. पुडी थंड जागी ठेवली असती तर जंतू जगले असते. पण जमिनीतले मीठ जंतू खात नाही. ते पाण्याने धुऊन चरावाटे बाहेरच काढावे लागते. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम मातीला चिकटून ती घट्ट झाली असेल, तर आधी जिप्समही हवे. मग धैंचा घेऊन गाडावा, आणि त्यानंतर जंतू चोळलेला हरभरा. पुडीवर हा क्रम छापलेला नव्हता. किंमत मात्र ठळक होती.

आणि चर एकट्याच्या रानात संपत नाही, तो ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. या माणसाच्या रानापासून ओढ्यापर्यंत सात जणांचे बांध आहेत. संप मिटविणे सोपे, असे मला त्या बांधांवर वाटले. पाच जणांनी होकार दिला आहे. उरलेले दोघे सख्खे भाऊ आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्याकडे मी येत्या रविवारी जाणार आहे.