तळोज्यातील घरगुती वातानुकूलन

तळोजा हा रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, खारघरलगतचा औद्योगिक व निवासी परिसर आहे. येथील कुटुंबांना वातानुकूलन यंत्राची (बोलीभाषेत ‘एसी’) गरज भासते ती केवळ तापमानामुळे नव्हे. उष्णतेच्या लाटेसाठी भारतीय हवामान विभागाने मैदानी प्रदेशात ४० अंश सेल्सिअस, तर किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस कमाल तापमानाची किमान मर्यादा ठरवली आहे. दमट हवेत घाम सहजी वाळत नाही. त्यामुळे तुलनेने कमी तापमानही असह्य होते. विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर हवेत आणखी ओलावा मिसळतो, म्हणून येथे त्याचा फारसा उपयोग नाही. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावर हे विशेष जाणवते.

खिडक्या उघडणे हा खरे तर सर्वांत स्वस्त उपाय. परंतु औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांच्या उग्र दर्पाबद्दल रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. दर्प टाळण्यासाठी खिडक्या बंद केल्या की पंखा कोंदट हवाच फिरवतो. अशा घरात एसी चैनीची वस्तू म्हणता येत नाही. मात्र सामान्य स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तसेच त्याची जाळी धूळ अडवते, वायू नव्हे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमांनुसार २०२० पासून खोलीच्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. सोबत पंखा लावल्यास याहून अधिक अंशांवरही भागते. यंत्राने खोलीतून काढलेली उष्णता बाहेर टाकली जाते. दाटीच्या इमारतींत ती शेजाऱ्याच्या खिडकीपाशी साचते.