कॉडचा कोटा आणि किनाऱ्यावरची रोजीरोटी

एखाद्या जातीची मासळी वर्षभरात जास्तीत जास्त किती पकडायची, याची सरकारने ठरवून दिलेली मर्यादा म्हणजे कोटा. भारतात सागरी मासेमारीवरील नियंत्रणाचा मुख्य भर पावसाळी बंदीवर असल्याने ही पद्धत आपल्याला फारशी परिचित नाही. कोट्यातील कपात लांबणीवर टाकली, तर तिची किंमत कोण मोजतो, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांताने अनुभवले आहे.

तेथील कॉड मासा उन्हाळ्यात केपलिन या छोट्या माशांच्या मागोमाग किनाऱ्याजवळ येतो. खेड्यांतील मच्छिमार छोट्या होड्यांतून गळ आणि सापळ्यासारखी जाळी लावून तो पकडत. मोठे ट्रॉलर मात्र हिवाळ्यातही खोल समुद्रात जाऊन त्याचे थवेच्या थवे उपसत. १९६८ मध्ये, प्रामुख्याने परदेशी ट्रॉलरमुळे, ही पकड ८ लाख टनांवर गेली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क प्रस्थापित केला. परंतु परदेशी ट्रॉलरची जागा देशी ट्रॉलरनी घेतली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास किनाऱ्यावरील मच्छिमारांना मासळी कमी आणि लहान मिळू लागली. त्यांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाले. १९८९ साठी शास्त्रज्ञांनी १ लाख २५ हजार टनांची मर्यादा सुचवली असता, रोजगार बुडेल या भीतीने सरकारने २ लाख ३५ हजार टनांचा कोटा ठेवला. पुढील कपातींबरोबर मासळी प्रक्रिया कारखान्यांना टाळे लागू लागले. ट्रेपासी गावातील कारखाना १९९१ मध्ये बंद झाला.

अखेर २ जुलै १९९२ रोजी मत्स्योद्योगमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी या कॉडच्या मासेमारीवर संपूर्ण बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. त्यांत होडीवाल्यांबरोबरच कारखान्यांत मासळी कापणाऱ्या, गोठवणाऱ्या स्त्रियांचाही मोठा भरणा होता. सरकारने आठवड्याला २२५ डॉलरची मदत देऊ केली; संतप्त मच्छिमारांच्या निदर्शनांनंतर ती वाढवण्यात आली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी मात्र लांबतच गेली. मदत योजना १९९८ मध्ये संपली. तरुण पिढी कामाच्या शोधात गाव सोडून गेली. १९९१ च्या जनगणनेत ५ लाख ६८ हजार असलेली प्रांताची लोकसंख्या २००६ मध्ये ५ लाख ५ हजारांवर आली.

कॉडची जागा खेकडा आणि कोळंबीने घेतली. मासळीच्या एकूण विक्रीचे मोल पूर्वीपेक्षा वाढले. तथापि परवाने मोजक्यांकडे आणि प्रक्रियेला लागणारे मनुष्यबळ कमी, त्यामुळे गेलेले रोजगार परतले नाहीत. समुद्राचे उत्पन्न आणि किनाऱ्याचा रोजगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

२०२४ मध्ये, तब्बल ३२ वर्षांनी, बंदी उठली. कोटा ठरला १८ हजार टन. त्यातही ट्रॉलरना वाटा दिल्याने वाद पेटला. पहिले १ लाख १५ हजार टन किनाऱ्यावरील मच्छिमारांना आणि आदिवासी समाजांना देण्याचे जुने आश्वासन मोडल्याचा आरोप मच्छिमारांच्या संघटनेने केला.

कपात टाळता येत नाही. टाळली तर पुढे संपूर्ण बंदीच वाट्याला येते. प्रश्न उरतो तो वाटणीचा. ज्यांनी सर्वांत कमी उपसले आणि धोक्याचा इशाराही आधी दिला, त्यांनाच कपातीचा पहिला घाव सोसावा लागू नये, एवढी दक्षता कोटा ठरवणाऱ्यांनी घेतली पाहिजे.